चारी दिशांची जागा : पाणवठ्यापासून विहारापर्यंत

विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की आपल्याकडे लगबग सुरू होते. रंगरंगोटी होते, पंचरंगी पताका लागतात, पावती पुस्तके छापली जातात, भोजनदानाचा बेत ठरतो. हे सगळे व्हायलाच पाहिजे. पण स्मरणिका काढायची म्हटल्यावर थोडे मागे वळूनही पाहिले पाहिजे. ज्या चार भिंतींत आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो, त्या भिंती आपल्या वाट्याला आल्या कशा? त्याआधी आपल्या बापजाद्यांना बसायला, पाणी प्यायला, चार माणसांत उभे राहून बोलायला जागा कुठे होती? या प्रश्नाचा इतिहास कोणत्याही शाळेच्या पुस्तकात सलग मिळत नाही. तो महाडच्या तळ्याकाठी आहे, परळ-वरळीच्या चाळींत आहे, नागपूरच्या मैदानात आहे. त्यातले काही दुवे जोडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गावाचा नकाशाच बोलत होता

जुने गाव डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी देऊळ, त्याच्या पुढ्यात पार, शेजारी चावडी. थोडे पुढे विहीर. भोवती पाटील-कुलकर्ण्यांची आणि कुणब्यांची घरे. मग गावकूस. आणि गावकुसाच्या बाहेर आपली वस्ती. कोणी पाटी लावलेली नव्हती, की कोणी रोज येऊन सांगत नव्हते, 'तू इथवर ये, पुढे येऊ नकोस.' सांगायची गरजच नव्हती. लहान पोरालाही पाय टाकताना कळायचे की आपली हद्द कुठे संपते. घर कुठे बांधले, विहीर कुठे खणली, रस्ता कुठून काढला, यावरूनच माणसाची किंमत ठरलेली होती. वास्तुशास्त्रातले लोक ज्याला 'नगररचना' म्हणतात ती आपल्या गावात शेकडो वर्षे जातीची रचना होती.

त्यातही गंमत बघा. चावडीत बसायचा मान नाही, पण चावडीची राखण आपल्याकडे! विहिरीचे पाणी नाही, पण विहीर खणायला, गाळ काढायला हात आपले! म्हणजे सार्वजनिक कामाला आपण होतो, सार्वजनिक जागेत मात्र आपण नव्हतो.

महारवाड्यात एक जागा मात्र आपली असायची. तिला कुठे तक्क्या म्हणत, कुठे नुसतीच चावडी. मातीच्या भिंती, वर कौले नाहीतर गवत. आला-गेला पाहुणा तिथे टेकायचा, जातपंचायत तिथे बसायची, रात्री भजन रंगायचे. या साध्या जागेची आठवण ठेवा, कारण पुढे तिचेच काय झाले हे आपल्याला पाहायचे आहे.

'सार्वजनिक' म्हणजे नेमके कोणाचे?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. ठराव असा होता की, सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ही यादी नीट वाचावी. यात एकाही देवळाचे नाव नाही. सगळ्या रोजच्या गरजेच्या इमारती आणि जागा आहेत. आजारी पडलो तर दवाखाना, भांडण झाले तर कोर्ट, तहान लागली तर पाणी. माणसाला माणूस म्हणून जगायला जेवढे लागते तेवढेच!

५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने या ठरावाला धरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, तळे मात्र होते तसेच राहिले. कारण तळ्याची जागाच तशी होती. चारही बाजूंनी रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. आजूबाजूला आपले एक घर नाही. घागर घेऊन जायचे तर शेकडो डोळ्यांसमोरून जायचे. ठराव एका ओळीचा असतो; या रस्त्यावरून चालायला मात्र छाती लागते.

ती छाती १९२७ साली दिसली. १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या काळचे चाळीस रुपये! आणि हाकेच्या अंतरावर नगरपालिकेचे तळे भरलेले होते. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागे रांगेने लोक निघाले, तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार अशी अफवा उठली, परत चाललेल्या माणसांवर हल्ले झाले, शिजवलेले अन्न मातीत मिसळले. दुसऱ्या दिवशी पंचगव्य घातलेल्या १०८ घागरींनी तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा मंडपाला जागा देईना कोणी. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. ज्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, ती परिषद सार्वजनिक मैदानावर नव्हे, एका सज्जन माणसाच्या खाजगी जमिनीवर भरली, हे विसरून चालणार नाही. सभा घ्यायची तर पाय ठेवायला भूमी लागते. विचार कितीही मोठा असला तरी तो हवेत उभा राहत नाही.

परिषदेच्या आधीच, १२ डिसेंबरला, सवर्णांनी कोर्टात दावा लावला होता. त्यांचे म्हणणे काय? तर हे तळे सार्वजनिक नाहीच. हे चौधरी तळे असून खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. बघा, सगळी लढाई शेवटी 'सार्वजनिक' या एका शब्दावर येऊन ठेपली! ८ जून १९३१ ला खालच्या कोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अपील झाले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अपील फेटाळले. अशी वहिवाट अनादी काळापासून आहे हे दावेदारांना सिद्ध करता आले नव्हते. १९२७ च्या २० मार्चपासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

ते पाणी प्यायल्याने आपण काही अमर होणार नव्हतो, हे बाबासाहेबांनीच महाडला स्पष्ट सांगितले होते. प्रश्न समतेचा पायंडा घालण्याचा होता. तो पायंडा पुढे कुठे गेला ते पाहा. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाचे १५ वे कलम उघडा. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. विहिरी आणि तलाव ही नावे देशाच्या संविधानात उगाच आलेली नाहीत. त्यामागे चवदार तळ्याची वाट आहे.

तळ्यासमोरचा डोंगर

महाडची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावापासून थोड्याच अंतरावर पाले गावच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. गांधारपाले लेणी म्हणून ती ओळखली जातात. सुमारे तीस लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला एक शिलालेख तिथे आहे. काणभोअ व्हेणुपालित नावाच्या राजकुमाराने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि दोन बाजूंना दोन पाण्याच्या टाक्या दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे ज्या महाडात १९२७ साली माणसाला पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच महाडच्या डोंगरात शेकडो वर्षांपूर्वी पाण्याची टाकी हे दान मानले गेले होते!

आपल्या जुन्या लेण्यांकडे आपण सहलीला जातो, फोटो काढतो, मूर्तीपुढे हात जोडतो. जरा भिंतीवरची अक्षरे काय म्हणतात तेही समजून घ्यावे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या लेखांत कल्याणच्या सोनाराने दिलेली पाण्याची पोढी आहे, लोहाराने दिलेली वाट आहे. कार्ल्याच्या चैत्यात एकेक खांब वेगवेगळ्या माणसांनी दिलेला आहे. त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे परदेशी मुळाचे लोकही आहेत. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे. राजाने दिले तसे कारागिराने दिले, पुरुषांनी दिले तसे बायकांनी आणि भिक्खुणींनीही दिले.

आणि हे दान कोणाला? अनेक लेखांत शब्द आहे 'चातुद्दिस संघ', म्हणजे चारी दिशांचा संघ. आज इथे असलेले भिक्खू आणि उद्या कुठूनही येणारे भिक्खू, या सर्वांचा. विनयपिटकात राजगृहाच्या श्रेष्ठीची हकीकत आहे. त्याने भिक्खूंसाठी साठ विहार बांधले, तेव्हा ते कोणा एकाच्या नावाने न करता आलेल्या आणि येणाऱ्या चारी दिशांच्या संघाला देण्यास तथागतांनी सांगितले. हा संघ भिक्खूंचा होता. आजच्या अर्थाने ती सर्व जनतेची मालमत्ता नव्हती, हे खरे. तरीही जागा कोणा एका घराण्याची, एका जातीची, एका गावची नाही, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. मला वाटते, विहार या शब्दाचा जीव याच कल्पनेत आहे.

कोंडवाड्यातून निघालेली चळवळ

आता मुंबईकडे येऊ. गावात पाणी नाही, जमीन नाही, म्हणून आपली माणसे मुंबईला आली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत लागली. राहायची सोय काय? १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा सरकारला कामगारांच्या घरांची आठवण झाली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या चाळींना लोक बीआयटी चाळी म्हणू लागले. परळच्या पोयबावडीतल्या अशाच एका बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे २२ वर्षे राहिले. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला माणूस चाळीतल्या सामायिक नळाच्या आणि संडासाच्या रांगेत राहिला, आणि तिथूनच त्याने महाडचा लढा चालवला.

पुढे गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशच्या आसपास झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले. मध्ये लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक. भिंती काँक्रीटच्या, उजेड-वारा बेताचा. सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या. भाडे परवडेना आणि गिरण्या लांब. १९३० च्या सुमाराला कायदेभंगाच्या चळवळीत तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणूनही चालली, यावरून बांधणाऱ्यांच्या मनात कामगार म्हणजे काय होता ते ओळखावे.

पण माणसे तिथे राहायला आली आणि त्यांनी त्या इमारतीचा नूर पालटला. बोळ म्हणजे येण्या-जाण्याची वाट, एवढेच सरकारने ठरवले होते. आपल्या लोकांनी त्याचे काय नाही केले? रात्री दिव्याखाली पोरांचा अभ्यास बोळात, बाळंतिणीची विचारपूस बोळात, लग्नाच्या पंगती बोळात. जिन्याखालच्या जागेत तरुणांचे मंडळ आणि वाचनालय. दोन चाळींच्या मधल्या पटांगणात लेझीम, कबड्डी, भीमजयंती आणि जलसा. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ढोलकी-तुणतुण्यावर बाबासाहेबांचा विचार वस्त्या-वस्त्यांत पोचवला. त्याला नाट्यगृह लागले नाही, दोन चाळींमधले पटांगण पुरले. 'मूकनायक' किंवा 'जनता' एकजण मोठ्याने वाचायचा आणि निरक्षर वीसजण ऐकायचे. हे ऐकणे बंद दाराच्या ब्लॉकमध्ये झाले असते का, याचा विचार करा.

सभागृहांचेही असेच. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी बैठक बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तो हॉल ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा. महाडला फत्तेखानांची जमीन, परळला लीगचा हॉल. सुरुवातीची चळवळ दुसऱ्यांनी मोकळ्या मनाने दिलेल्या जागेवर उभी राहिली. हे ऋण आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

चाळीचे गोडवे गाताना कडू गोष्टही लपवू नये. चाळी जातवार होत्या. एका चाळीत आपले, पलीकडे दुसरे. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. दगड गच्चीवरून आले, खिडक्यांतून आले. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता गेला. जी गॅलरी शेजाऱ्याला हाक मारायची, तीच त्या दिवसांत मोर्चा झाली. जागा माणसांना जोडते हे खरे, पण ती आपोआप जोडत नाही.

मैदान आणि स्तूप

ज्यांच्याकडे सभागृह नसते, त्यांचे सभागृह म्हणजे मैदान. २४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कवर बुद्ध जयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्म स्वीकारणार असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मोकळ्या मैदानावर लाखो लोकांनी दीक्षा घेतली. ना छप्पर, ना गाभारा, ना पायरी. सगळे एकाच जमिनीवर. पुढची ओळ आणि मागची ओळ एवढाच काय तो फरक. शेकडो वर्षे ज्यांना देवळाच्या पायरीशी अडवले, त्यांचे धर्मांतर पायरीच नसलेल्या जागेत झाले. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून पाच वर्षे जो सत्याग्रह चालला, त्याचे खरे उत्तर मला या मैदानात दिसते.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथे उभा राहिलेला चैत्यभूमीचा स्तूप लहानसाच आहे, तोरण सांचीच्या धर्तीचे. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला तिथे येणारा माणूस रांगेत तासन् तास उभा राहतो, क्षणभर आत जाऊन माथा टेकतो आणि बाहेर पडतो. मग जातो कुठे? शिवाजी पार्कवर. ते मैदान त्या दिवसांत गावच होऊन जाते. तिथे तो जेवतो, झोपतो, गाणी ऐकतो, आणि निघताना पुस्तक विकत घेतो. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि पुस्तक! स्मारकाइतकेच हे मैदानही स्मारक आहे, हे शहरातल्या लोकांना अजून पुरते कळलेले नाही.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप वास्तुविशारद शिवदानमल यांनी आखला. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याची एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सांचीसारखे जुने स्तूप आतून भरीव असतात. माणूस बाहेरून प्रदक्षिणा घालतो, आत जाऊ शकत नाही. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. माणूस घुमटाखाली आत जाऊन बसू शकतो. ज्यांचा सगळा इतिहास बाहेर उभे राहण्याचा, त्यांच्यासाठी बांधलेली वास्तू आत घेणारी आहे. वास्तुकला लोकांची सेवा करते म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच दीक्षाभूमीवर १ जुलै २०२४ रोजी काय झाले तेही लक्षात ठेवावे. विकास आराखड्यात जमिनीखालच्या वाहनतळाचे काम सुरू झाले होते. स्तूपाला धोका होईल या भीतीने हजारो लोक जमले आणि त्यांनी काम बंद पाडले. त्याच दिवशी विधानसभेत स्थगितीची घोषणा करावी लागली. वाहनतळ हवा की नको, तो कुठे हवा, यावर मतभेद असू शकतात. पण जी माणसे वर्षातून एकदा पायी, एसटीने, रेल्वेने येतात त्यांना आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती. लोकांच्या जागेत बदल करायचा तर आराखडा आधी लोकांसमोर मांडावा, एवढा साधा धडा त्यात आहे.

तक्क्याचा विहार झाला

१९५६ नंतर गावोगाव काय घडले? त्या मातीच्या तक्क्याची आठवण ठेवा असे मी सुरुवातीला म्हटले होते. धम्मदीक्षेनंतर कितीतरी गावांत त्याच जागेवरचे जुने देव निघाले. भिंतीला चुना लागला, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पुढे समाजकल्याण खात्याकडून समाजमंदिरे मिळाली, कुठे लोकांनी रोजगारातला एकेक दिवस देऊन विटा आणल्या. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांची बैठक, संध्याकाळी वंदना, परीक्षेच्या दिवसांत रात्रभर अभ्यासिका, लग्नसराईत जानवसा. एकाच खोलीची किती रूपे! तक्क्यात पंचायत बसायची तेव्हा बायका बाहेर असायच्या. विहारात त्या पुढच्या रांगेत बसू लागल्या, वंदना सांगू लागल्या. इमारत तीच, पण आत कोण बसते ते बदलले. समाज बदलतो तो असा.

म्हणून आपला विहार म्हणजे देवळाला पर्याय म्हणून बांधलेले दुसरे देऊळ असे कोणी समजू नये. त्यात तक्क्याचा आसरा आहे, चाळीच्या बोळातली शाळा आहे, मैदानातली समानता आहे, आणि लेण्यांतला चारी दिशांचा हक्क आहे.

आता पुढे काय?

आज हे सगळे पुन्हा हलते आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ ला झाले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना उंच इमारतीतल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणूस ५०० चौरस फुटांच्या घरात गेला. घरात नळ, घरात संडास. ज्या आयाबहिणींनी जन्म रांगेत काढला त्यांना विचारा याचे मोल. त्याला नावे ठेवणारा माणूस चाळीत राहिलेला नसतो! मान ताठ करून राहावे असे घर मिळणे हासुद्धा बाबासाहेबांच्या लढ्याचाच भाग आहे.

पण घराबरोबर बोळ गेला, हेही खरे. चाळीस मजली इमारतीत दार लावले की शेजारी संपला. जिन्याखालचे वाचनालय कुठे जाणार? जयंतीचा मंडप कुठे पडणार? वर्षानुवर्षे चाळीच्या कोपऱ्यात असलेल्या विहाराला नव्या नकाशात किती चौरस फूट? हे प्रश्न इमारत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही. नकाशा मंजूर होण्याआधी विचारावे लागतात. करारनाम्यात घराचे क्षेत्रफळ आपण दहादा वाचतो. सामायिक जागेचा रकाना मात्र कोणी वाचत नाही. तो वाचायला शिका. तिथेच आपला जुना बोळ शिल्लक राहील किंवा कायमचा जाईल.

आणि दुसऱ्यांना विचारण्याआधी स्वतःलाही विचारले पाहिजे. कितीतरी ठिकाणी विहार संगमरवरी झाला, मूर्ती थायलंडहून आली, पण दाराला कुलूप. किल्ली एकाच घरात. आठवड्यातून एकदा रविवारी वंदना, मग पुन्हा कुलूप. कुठे दोन कमिट्या आणि दोन कुलपे! 'चोरी होईल हो,' असे कारण सांगतात. चोरी होईल म्हणून विहार बंद ठेवायचा, तर आपण कोणापासून काय राखतो आहोत? महाडच्या तळ्याभोवती चार रस्ते होते आणि तरी पाणी बंद होते. आपल्या विहाराला चार बाजूंनी वस्ती आहे. मग दार बंद का?

प्रत्येक विहार समितीने वर्धापन दिनाला हिशेबाबरोबर चार गोष्टींची उत्तरे द्यावीत, असे मला सुचवावेसे वाटते. विहार रोज किती तास उघडा असतो? वाटसरूला, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, दारात प्यायला पाणी मिळते का? परीक्षेच्या दिवसांत मुला-मुलींना बसायला दिवा, टेबल आणि पुस्तक आहे का? वस्तीतल्या स्त्रियांना आपली बैठक स्वतःच्या हक्काने घेता येते का, आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आहे का? उंबरठ्याशी उतार करून म्हाताऱ्या आणि अपंग माणसाला आत येता येईल एवढी सोय केली, तर दोन पोती सिमेंट लागेल. संगमरवराच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

मातंग, चर्मकार, भटके, मुसलमान, मराठा, कोणीही शेजारी दारात उभा राहिला तर त्याला 'या, बसा' म्हणण्याची रीत आपल्या विहारात असली पाहिजे. महाडला ज्यांना पाणी नाकारले त्यांच्या दारी कोणालाही पाणी नाकारले जाणार नाही, हीच त्या दहा वर्षांच्या लढ्याची पावती. विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे जरूर कोरा. कल्याणच्या सोनाराचे नाव आजही कान्हेरीला वाचता येते. पण त्या नावाखाली त्याने काय दिले तेही लिहिलेले आहे. पाण्याची पोढी! तहान भागवणारी गोष्ट. आपल्या नावाखाली पुढच्या पिढीला काय वाचायला मिळेल, याचा विचार या वर्धापन दिनी करू या, आणि उद्या सकाळी बालवाडीच्या वेळेला विहाराचे दार उघडे असेल एवढे तरी आजच ठरवू या.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जयभीम!